पिकअपचं अ‍ॅव्हरेज पडतं, दुरुस्त होतं, परत पडतं: शोधायचं कुठून?

लक्षण असं. गाडी एरवी लिटरला 9.4 किलोमीटर देते, ती हळूहळू 8.1 वर येते. गॅरेजला दाखवली, काहीतरी बदललं, बिल भरलं, चार-सहा आठवडे अ‍ॅव्हरेज जागेवर आलं आणि पुन्हा घसरलं. इंजिनचा दिवा लागत नाही, आवाज नाही, धूर नाही. फक्त टाकी लवकर रिकामी होते.

माझ्या पिकअपने हा खेळ वर्षभरात तीनदा केला. मोठी डबल कॅब, दोन टर्बोंचं व्ही-6 पेट्रोल इंजिन, दहा गिअरचा ऑटोमॅटिक. पहिल्या खेपेला ऑक्सिजन सेन्सर बदलले. दुसऱ्या खेपेला प्लग आणि कॉइल. तिसऱ्या खेपेला पुढच्या उजव्या चाकाचा ब्रेक कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग), आणि त्या वेळी वाटलं की सापडलं एकदाचं. दोन महिन्यांनी परत तेच. खरा दोष त्या कॅलिपरला जाणाऱ्या दीड वीत रबरी पाइपात होता आणि सगळ्या बदललेल्या पार्टांपेक्षा तो पाइप स्वस्त निघाला.

मग सेन्सर आणि प्लग बदलल्यावर अ‍ॅव्हरेज सुधारलं कसं? सुधारलं नव्हतंच. दोन्ही वेळा गॅरेजमधून गाडी आली आणि लगेच माझं हायवेचं धावणं वाढलं. ब्रेक कमी लागला, गाडी मोकळी पळाली. श्रेय मिळालं सेन्सरला. परत परत येणाऱ्या दोषात माणूस फसतो तो इथेच: पार्ट बदलला आणि फरक पडला, म्हणजे पार्टच खराब होता, असं आपण धरून चालतो.

आकडा खरा आहे का, ते आधी

डॅशबोर्डवरचं अ‍ॅव्हरेज हा इंजेक्टर किती वेळ उघडे राहिले त्यावरून काढलेला अंदाज असतो, आणि बऱ्याच गाड्यांत तो गाडीच्या बाजूने झुकलेला असतो. टाकी फुल्ल ते टाकी फुल्ल हीच मोजणी धरा. पंपाने आपणहून पहिल्यांदा कट मारला की थांबायचं, वर घोट घोट भरत बसायचं नाही. एका टाकीवरून निष्कर्ष काढू नका. निदान तीन टाक्या वहीत लिहा, आणि शेजारी एक शब्द: शहर, हायवे, ओझं, थंडी. माझ्याकडे ही वही पहिल्या दिवसापासून असती तर ऑक्सिजन सेन्सर आजही जुनेच असते.

टायर मोठे घातलेत का? मग किलोमीटरच चुकीचे मोजले जातात. 265/70 आर17 च्या जागी 285/70 आर17 घातला तर बाहेरचा व्यास सुमारे 803 मिलिमीटरवरून 831 वर जातो, म्हणजे साडेतीन टक्के जास्त. गाडी खरोखर 103.5 किलोमीटर गेलेली असते आणि मीटर 100 दाखवतं. ते साडेतीन टक्के कुठे गेलेलेच नसतात. जड आणि जाड नक्षीच्या टायरमुळे होणारं नुकसान मात्र खरं असतं, ते याच्या पलीकडचं.

आणखी एक. 'दीड किलोमीटर कमी झालं' याला एकट्याला अर्थ नाही. लिटरला 12 वरून 13 झालं तर शंभर किलोमीटरमागे वाचतात 0.64 लिटर. 6 वरून 7 झालं तर 2.38 लिटर. पिकअपवाले खालच्या टोकाला राहतात, म्हणून आपल्याकडे अर्धा-एक किलोमीटरची घसरणसुद्धा खिशाला लागते. वहीत शंभर किलोमीटरला किती लिटर, हाही रकाना ठेवा.

चाक तापतंय का?

इंजिनकडे वळण्याआधी चाकं बघा. इंजिनात बिघाड झाला तर आजकालची गाडी बहुतेक वेळा कॉम्प्युटरमध्ये त्या दोषाचा कोड टाकते. ब्रेक थोडासा धरून राहिला तर तिला पत्ताही लागत नाही. ती निमूटपणे जास्त पेट्रोल जाळून त्याच वेगाने पळते.

साधन लागतं एकच, लांबून तापमान मोजणारं इन्फ्रारेड थर्मामीटर. वीसेक मिनिटं थांबत-निघत, नेहमीसारखा ब्रेक मारत गाडी चालवा. मग चार-पाच किलोमीटर सरळ रस्त्याला, होता होईल तो ब्रेकला पाय न लावता. शेवटी हळूच थांबा आणि लगेच चारही चाकांचं तापमान घ्या. चकचकीत डिस्कवर नेम धरलात तर हे यंत्र कमी आकडा दाखवतं, त्यामुळे डिस्कचा मधला गंजका भाग किंवा हब धरा, आणि चारही ठिकाणी जागा तीच ठेवा. पुढची चाकं मागच्यांपेक्षा गरम असणारच, ब्रेकचा मोठा भार त्यांच्यावर असतो. तुलना करायची ती डाव्याची उजव्याशी.

माझे आकडे: मागे 48 आणि 51, पुढे डावीकडे 62, पुढे उजवीकडे 148. त्या चाकाजवळ वाकलो तर जळक्या ब्रेकचा वास येत होता. एरवी उतरून दार लावून निघून जातो, कोण वाकतंय?

गॅरेजला हे आधी का दिसलं नाही, याचं उत्तर गमतीशीर आहे. गाडी मी आदल्या संध्याकाळी सोडायचो, ते सकाळी जॅक लावून चाक फिरवायचे. रात्रभरात अडकलेला दाब झिरपून गेलेला असे आणि चाक लोण्यासारखं फिरे. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, वेळ चुकीची होती. म्हणून ही तपासणी गाडी तापलेली असतानाच करायची.

गरम चाक सापडलं की पुढचा प्रश्न: कॅलिपर, पाइप की त्याच्याही मागे? गाडी सपाट जागेवर, बाकीच्या चाकांना अटकण, जॅकखेरीज खाली स्टँड. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली हात घालायचा नाही. हातमोजे आणि चष्मा घाला, कारण ब्रेक ऑइल गरम असतं आणि सांडलं तर रंगही खातं. चाक हाताने फिरवा, जड लागेल. आता कॅलिपरवरचं ब्लीडर निप्पल, म्हणजे ब्रेकमधली हवा काढायचं तोंड, जरासं सैल करा.

चाक सैल झालं नाही, तर कॅलिपर यांत्रिकरीत्या अडकलाय: पिस्टन गंजलेला किंवा सरकत्या पिना सुकलेल्या. ऑइलची चिळकांडी उडून चाक मोकळं झालं, तर कुठेतरी दाब कोंडला होता. मग निप्पल बंद करा, कोणाला तरी ब्रेक दाबून सोडायला सांगा, चाक परत अडकू द्या. या वेळी रबरी पाइपाच्या वरच्या टोकाला, जिथे तो धातूच्या नळीला जोडलेला असतो, तो नट सैल करा. चाक तरीही जॅम? दोष रबरी पाइपात. चाक सुटलं? दोष त्याच्या वर, मास्टर सिलिंडर किंवा एबीएसच्या युनिटकडे. काम झाल्यावर हवा काढून ब्रेक घट्ट लागतो याची खात्री केल्याखेरीज गाडी हलवायची नाही. हात बसलेला नसेल तर मेकॅनिककडून करून घ्या, पण समोर उभे राहून.

माझा जुना पाइप मी घरी आणला आणि ब्लेडने उभा चिरला. बाहेरून नवाकोरा, एक भेग नाही. आत अस्तर सुजून एका जागी सुटलं होतं आणि त्याची लहानशी जीभ भोकावर आडवी आली होती. पाय दाबला की जोराने ऑइल तिला ढकलून कॅलिपरकडे जातं. पाय काढला की परत यायला जोर नाही, जीभ दार लावून घेते. एकाच दिशेने उघडणारा व्हॉल्व्हच म्हणा ना. कॅलिपर बदलताना ऑइल काढलं-भरलं, नवे पॅड बसले, म्हणून दोन महिने बरं चाललं.

खूण खरं तर आधीच हातात होती. काढलेल्या जुन्या पॅडपैकी आतला आणि बाहेरचा दोन्ही जवळजवळ सारखे झिजले होते. पिना अडकल्या की सहसा एक पॅड दुसऱ्यापेक्षा जास्त खाल्ला जातो. दोन्ही सारखे झिजलेत आणि तेही दुसऱ्या बाजूच्या चाकापेक्षा खूप जास्त, तर कॅलिपर आपलं काम करतोय, फक्त त्याला सोडलं जात नाहीये. जुने पार्ट मागून घ्यायची सवय यासाठीच. बदलताना दोन्ही बाजूंचे पाइप एकदम बदला, दोघांचं वय एकच असतं.

चाक गरम नाही पण गाडी जड वाटते, तर फोर-व्हील ड्राइव्ह बघा. काही पिकअपमध्ये पुढची चाकं अ‍ॅक्सलपासून सुटी ठेवायचं काम व्हॅक्यूम करतो. त्याची नळी चिरली की हब अर्धवट गुंततात आणि अ‍ॅक्सिलरेटर दिल्यावर पुढून घरघर ऐकू येते. व्हील बेअरिंगची घूं घूं वेगाबरोबर वाढते आणि वळणावर बदलते. इलेक्ट्रिक पार्किंग ब्रेक असेल तर मागची चाकंही वरच्याच पद्धतीने तपासा.

इंजिन गरम होतंय का?

इथे उलटा प्रश्न विचारायचा. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंट अडवून धरणारा व्हॉल्व्ह, उघडाच अडकला तर इंजिन कधी पुरतं तापत नाही, आणि थंड इंजिन जास्त इंधन पितं. डॅशबोर्डवरचा काटा यात फसवतो. अनेक गाड्यांत तो मुद्दाम मोठ्या पट्ट्यात मधोमध स्थिर ठेवलेला असतो. गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचा साधा ओबीडी स्कॅनर लावून कूलंटचं खरं तापमान वाचा. इंजिन तापल्यावर ते साधारण 90 अंशांच्या आसपास टिकायला हवं. हायवेला लागल्यावर 70 वर उतरत असेल तर थर्मोस्टॅट गेला. यासाठी पी0128 हा कोड आहे, पण तो यायला वेळ लागतो. त्याआधीची खूण, स्टार्ट-स्टॉपची सोय असलेल्या गाडीत, म्हणजे लांब धावल्यावरसुद्धा सिग्नलला इंजिन आपोआप बंद होत नाही. अर्थात बॅटरी कमजोर असली तरी असंच होतं.

स्कॅनर लावलाच आहे तर फ्युएल ट्रिमही बघा, म्हणजे ठरलेल्या मापापेक्षा कॉम्प्युटर इंधन किती टक्के कमी-जास्त करतोय तो आकडा. दीर्घ मुदतीचा ट्रिम उणे-अधिक दहा टक्क्यांच्या आत असेल तर इंजिनला सोडून द्या, तिथे पैसे घालू नका. खूप उण्यात असेल तर इंजिनला कुठून तरी जादा इंधन मिळतंय आणि कॉम्प्युटर ते कापतोय: गळका इंजेक्टर, किंवा टाकीची वाफ इंजिनात सोडणारा पर्ज व्हॉल्व्ह उघडा राहिलेला. टाकी भरल्याबरोबर गाडी सुरू व्हायला कुरकुरते का? मग पर्ज व्हॉल्व्हच आधी. खूप अधिकात असेल तर हवेची गळती किंवा मळलेला एअरफ्लो सेन्सर. तेल लावून वापरायचे एअर फिल्टर ज्यांनी हौसेने बसवलेत, त्यांनी हा सेन्सर आधी पाहावा.

एअर फिल्टरवरून आठवलं. अ‍ॅव्हरेज पडलं की पहिला बळी त्याचा जातो. कार्ब्युरेटरच्या काळात ते बरोबरही होतं. पण अमेरिकेच्या ओक रिज प्रयोगशाळेने 2009 मध्ये इंजेक्शनवाल्या पेट्रोल गाड्यांवर मुद्दाम फिल्टर चोंदवून पाहिलं, तेव्हा अ‍ॅव्हरेजमध्ये म्हणावा असा फरक आला नाही, गाडीचा उठाव मात्र कमी झाला. फिल्टर वेळेवर बदला, त्याच्याकडून चमत्काराची अपेक्षा ठेवू नका.

डिझेल असेल तर

डिझेल पिकअपमध्ये 'साफ केलं, परत भरलं' हे गाऱ्हाणं बहुतेक वेळा डीपीएफचं, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचं. काजळी साठली की गाडी जादा डिझेल टाकून फिल्टर 600 अंशांच्या घरात तापवते आणि ती जाळते. ठरावीक अंतराने हे होणारच. पण ते अंतर घटत चाललं असेल, तर प्रत्येक वेळी जळणारं डिझेल तुमच्या अ‍ॅव्हरेजमधून जातं. उभ्या गाडीत आयडल थोडं चढलेलं, बंद केल्यावरही पंखा घोंघावतोय, गरम धातूसारखा वास, ही ते चालू असल्याची लक्षणं. त्याच वेळी इंजिन बंद केलंत तर काम अर्धवट राहतं आणि पुढच्या खेपेला पुन्हा पहिल्यापासून.

डिपस्टिक काढा. इंजिन ऑइलची पातळी वाढली असेल तर आनंद मानू नका, अर्धवट राहिलेल्या जाळण्यातलं डिझेल खाली ऑइलमध्ये उतरतंय. ते ऑइल बदलावंच लागतं.

फिल्टर काढून धुऊन आणणं ही मलमपट्टी. काजळी जास्त का होतेय ते शोधा: टर्बोच्या पाइपातून निसटणारी हवा, ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा) नीट बंद न होणं, ठिबकणारा इंजेक्टर, किंवा पुन्हा तोच थर्मोस्टॅट, कारण इंजिन पुरेसं तापलं नाही तर अनेक गाड्या ही साफसफाई सुरूच करत नाहीत. यातलं काहीच नसेल आणि रोजचं धावणं पाच-सात किलोमीटरचं असेल, तर गाडीत दोष नाही, वापरात आहे. डीपीएफ कापून टाकायचा सल्ला देणारे भेटतीलच. अमेरिकेसह अनेक देशांत ते बेकायदेशीर आहे, आणि मूळ गळती तशीच राहते ती राहतेच.

जे दोष नाहीतच

हे पटकन. अमेरिकी ऊर्जा खात्याच्या आकड्यांप्रमाणे पेट्रोल गाडीचं शहरातलं अ‍ॅव्हरेज 25 अंशांच्या तुलनेत उणे 7 अंशांना सुमारे 15 टक्के कमी असतं. चारही टायरमध्ये सरासरी एक पीएसआय कमी असेल तर 0.2 टक्के जातं, म्हणजे दहा पीएसआय कमी ठेवून फिरणाऱ्याचे दोन टक्के गेले. दहा टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये ऊर्जाच सुमारे तीन टक्के कमी असते. इंजिन नुसतं चालू ठेवलं तर तासाला एक ते दोन लिटर जातात, एसी लावून वाट बघत बसणाऱ्यांनी हिशोब करावा.

वेगाचं मात्र थांबून सांगतो. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी 100 वरून 120 केले की तो 1.44 पट, आणि पिकअपचं तोंड म्हणजे भिंत. वर टपावर लाइटची पट्टी, उंच केलेलं सस्पेन्शन. फाळका उघडा ठेवून हवा जाऊ द्यावी ही समजूत उलटी आहे. फाळका बंद असला की हौद्यात हवेचा भोवरा फिरत राहतो आणि वरची हवा त्याच्यावरून सरकून जाते. हौद्यावर सपाट कव्हर टाकलं तर आणखी बरं.

'त्यापेक्षा नवीच घेतो'

हा विचार माझ्याही डोक्यात येऊन गेला, म्हणून गणित मांडलं. वर्षाला 15,000 किलोमीटर. 8.1 ने 1,852 लिटर, 9.4 ने 1,596. पाइपाने वाचवले 256 लिटर. नवी गाडी घेऊन 9.4 वरून 11 वर गेलो असतो तर वाचले असते 232. रबरी पाइप जिंकला.

त्यात नव्या पिकअपच्या किमती. फोर्डची मॅव्हरिक 2021 मध्ये जाहीर झाली तेव्हा सुरुवात 19,995 डॉलरला होती, हायब्रिड इंजिनसकट, आणि शहरात अमेरिकी मोजणीने गॅलनला 42 मैल, म्हणजे लिटरला जवळपास 18 किलोमीटर. अशी पिकअप त्या किमतीत दुसरी नव्हती. 2025 पर्यंत तीच 26 हजारांच्या वर गेली. एफ-150 लाइटनिंग ही विजेवरची पिकअप 39,974 डॉलर सांगून आणली आणि 2023 च्या मार्चमध्ये तिची सुरुवात 59,974 वर होती. त्याच जुलैत 49,995 वर उतरवावी लागली.

किंमत आणि इंधन यांचा संबंध सरळ नाही. अ‍ॅव्हरेज वाढवायला कंपन्यांनी टर्बो, दहा गिअर, सिलिंडर बंद ठेवायची व्यवस्था, 2015 च्या एफ-150 पासून अ‍ॅल्युमिनियमची बॉडी, असं सगळं आणलं. त्या बॉडीने सुमारे 300 किलो वजन उतरवलं. पण अमेरिकेचा इंधन नियम चाकांमधल्या क्षेत्रफळावर लक्ष्य ठरवतो: गाडी जितकी मोठी, तितकं लक्ष्य सोपं. मग लहान पिकअप कोण काढणार? शिवाय 1964 पासून बाहेरून येणाऱ्या हलक्या ट्रकवर 25 टक्के जकात आहे. आणि 3,856 किलोंच्या वर एकूण वजनक्षमता असलेल्या पिकअपवर अ‍ॅव्हरेजचं सरकारी लेबलच लागत नाही, त्यामुळे 'कंपनी इतकं सांगते' म्हणायलाही आकडा नसतो. अशी गाडी असेल तर तुमची वही हाच एक आधार.

याचा दुरुस्तीशी संबंध असा, की अंदाजाने पार्ट बदलणं पूर्वी परवडायचं, आता परवडत नाही. आजच्या पिकअपची समोरची काच बदलली तरी कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन वेगळं लागतं. एक चुकीचा तर्क म्हणजे वर्षभराच्या इंधनबचतीवर पाणी.

सगळं तपासलं, चाकं थंड, ट्रिम ठीक, थर्मोस्टॅट ठीक, वही तीन टाक्यांची, तरी आकडा खाली आहे, तर शेवटचं ठिकाण गिअरबॉक्स. सपाट रस्त्यावर ताशी 90 ला वेग धरून ठेवा, वरच्या गिअरमध्ये. अ‍ॅक्सिलरेटर किंचित दाबा. इंजिन आणि गिअरबॉक्स यांना जोडणारा टॉर्क कन्व्हर्टर लॉक असेल तर इंजिनचे फेरे जागचे जवळपास हलत नाहीत. वेग तोच राहून फेरे दोनशे-तीनशेने वर जातात आणि गाडीने गिअर बदललेला नसतो, तेव्हा लॉक सुटतंय. गिअर ऑइल किती वर्षांचं आहे ते आधी बघा. माझ्या गाडीत तिथे काही निघालं नाही. पाइप बदलून अकरा टाक्या झाल्या, सगळ्यात कमी 9.2, तीही कडाक्याच्या थंडीतली.